सुपर निन्टेन्डोवरचा डूम : सुपर एफएक्स २ चा हिशेब (प्रकल्प नोंदी)

४ ऑगस्ट २०२५ : काम काय

१९९५ मध्ये सुपर निन्टेन्डो या कन्सोलवर डूम हा राक्षस मारायचा खेळ आला, तेव्हा पीसीवरच्या मूळ खेळातलं बरंच काही कापलेलं होतं. जमीन आणि छत एकरंगी, राक्षस कायम तोंड आपल्याकडेच करून, पिक्सेल आडवे जाड, भोवती काळी चौकट, आणि २७ पैकी २२ लेव्हल. यातली कुठली काटछाट कार्ट्रिजमधल्या सुपर एफएक्स २ या जादा चिपमुळे झाली, कुठली रॉम (खेळ साठवणारी कार्ट्रिजमधली स्मृती) कमी पडला म्हणून आणि कुठली खुद्द कन्सोलमुळे, हे वेगवेगळं काढायचं आहे. "कन्सोल कमजोर होता" एवढ्यावर भागणार नाही. कमजोर तर होताच.

सामान : अमेरिकी कन्सोल, अमेरिकी लाल कार्ट्रिज, ३.८ मिमीचा गेमबिट (कार्ट्रिजचे खास स्क्रू उघडायचं हत्यार), ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मल्टिमीटर. इम्युलेटर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्रॅम, दोन : वेग वाढवून पाहायला बीएसएनईएस, रजिस्टरवर (चिपच्या आतल्या कप्प्यांवर) नजर ठेवायला मेसेन.

५ ऑगस्ट : वीज

मध्येच ही नोंद, कारण भारतात जुना कन्सोल मागवणारे पहिली ठेच इथेच खातात. अमेरिकी अडॅप्टर १२० व्होल्टचा, जपानी १०० चा. आपल्या २३० वर थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. अमेरिकी आणि जपानी कन्सोलला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर लागतात. युरोपी पाल (तिथली टीव्ही पद्धत) कन्सोलला मात्र ९ व्होल्ट एसी लागतो, म्हणून "निन्टेन्डोचा अडॅप्टर" या नावाखाली जे मिळेल ते घेऊ नये. सुपर फॅमिकॉमचा, म्हणजे याच कन्सोलच्या जपानी आवृत्तीचा, प्लग मधला पोल ऋण असलेला आहे. बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर मधला पोल धन असलेले असतात, त्यामुळे लावण्याआधी मीटरने तपासायचं. उलटं लागलं तर आतला १.५ अँपिअरचा फ्यूज उडतो. उडालाच तर तेवढ्याच क्षमतेचा बसवायचा, तारेचा तुकडा डकवून काम चालवायचं नाही.

सुपर एफएक्सची कार्ट्रिज साध्या कार्ट्रिजपेक्षा जास्त करंट ओढते. काठावरचा ८५० चा घेण्यापेक्षा १ अँपिअर किंवा जास्तीचा घ्यावा.

९ ऑगस्ट : काळा पडदा

बाकीचे खेळ चालतात, डूम लावला की काळा पडदा. चिप मेली असं समजून लोक कार्ट्रिज विकून टाकतात. खरं कारण बहुधा साधं असतं : साधी कार्ट्रिज मधले ४६ संपर्क वापरते, तर सुपर एफएक्सवाल्या कार्ट्रिजला दोन्ही बाजूंचे जादा १६ संपर्कही लागतात, एकूण ६२. कन्सोलच्या खाचेत कडेच्या पिना वर्षानुवर्षं कोणी वापरलेल्या नसतात. मधल्या पिना खेळ घालता-काढता घासून चकचकीत राहतात, कडेच्यांवर मात्र पुटं चढतात.

कृती : गेमबिटने कार्ट्रिज उघडायची, बोर्डाची कड अल्कोहोलने पुसायची, कापसाचा बोळा काळा यायचा थांबेपर्यंत. मग जाड कागदाच्या पट्टीवर अल्कोहोल घेऊन ती कन्सोलच्या खाचेत दोन्ही टोकांना आठ-दहा वेळा वर-खाली करायची. वीज बंद ठेवून, आणि पूर्ण वाळल्यावरच लावायची. रेतीकागद नको, सोन्याचा मुलामा जातो. खेळ सेव्ह करायची सोयच नसल्यामुळे बोर्डावर बॅटरी नाही, म्हणजे ती गळून ट्रॅक खाल्ले जाण्याची काळजी तरी नाही.

प्रदेश बदलायचे जुने अडॅप्टर मध्ये घातले तर त्यांतल्या अनेकांना कडेचे संपर्कच नसतात. तिथे पुसून काही होणार नाही.

१२ ऑगस्ट : २ मेगाबाइटांत काय मावतं

पीसीवरच्या नोंदणीकृत डूमची, म्हणजे १.९ आवृत्तीची, वॅड फाइल (लेव्हल, चित्रं, आवाज असा खेळाचा सगळा ऐवज) १,११,५९,८४० बाइटची. कार्ट्रिज १६ मेगाबिट, म्हणजे २०,९७,१५२ बाइट. पाचपटीहून जास्त भार, आणि त्या दोन मेगाबाइटांतच प्रोग्रॅमही बसवायचा आहे.

राक्षसांची पाठ गेली ती इथे. पीसीवर प्रत्येक पवित्र्याची आठ दिशांनी चित्रं लागतात. डावं-उजवं आरशासारखं उलटवून भागवलं तरी पाच उरतात. समोरचंच ठेवलं की पाचाचं एक. ही कापणी चित्रापुरती राहत नाही, खेळाचे नियमही बदलते. राक्षस आपल्याकडेच तोंड करून असल्यामुळे ते एकमेकांवर उलटत नाहीत. पीसीवर इंप या राक्षसाने फेकलेला गोळा चुकवून तो दुसऱ्याच्या पाठीत घालायचा, मग दोघांना भांडत ठेवून निघून जायचं, ही गोळ्या वाचवायची जुनी युक्ती इथे नाही. गोळ्यांचं गणित म्हणून तंग.

आवाजाचंही माप इथेच काढून ठेवतो. कन्सोलच्या ध्वनिचिपला स्वतःची ६४ किलोबाइट रॅम आहे आणि ती १६ नमुने ९ बाइटांत दाबते. सगळी रॅम नमुन्यांना दिली तरी ६५,५३६ ÷ ९ × १६ म्हणजे साधारण १,१६,५०० नमुने. पीसीवरच्या आवाजांचा दर ११,०२५ हर्ट्झ धरला तर जेमतेम साडेदहा सेकंद. त्यात वाद्यांचे नमुने, स्वरांची माहिती, ध्वनिचिपचा प्रोग्रॅम, सगळं आलं. एवढ्यात संगीत इतकं भरीव वाजतं हे नवलच. शिवाय चित्र अडखळलं तरी ताल चुकत नाही, कारण ती चिप वेगळी आहे आणि तिला सुपर एफएक्सच्या ओढाताणीशी घेणंदेणं नाही.

१६ ऑगस्ट : २१ मेगाहर्ट्झ म्हणजे दुप्पट नव्हे

कन्सोलचा मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा. कार्ट्रिजमधला सुपर एफएक्स २ म्हणजे १६ बिटांचा वेगळा प्रोसेसर : १६ रजिस्टर, ५१२ बाइटांची कॅश (चिपच्या आतली जलद स्मृती), २१.४ मेगाहर्ट्झ. १९९३ च्या स्टार फॉक्स या खेळातला पहिला सुपर एफएक्स १०.७ चा. त्यामुळे सगळीकडे "दुप्पट वेग" लिहिलेलं सापडतं.

सायकली (क्लॉकचे ठोके) मोजल्या की चित्र वेगळं दिसतं. कॅशमधली सूचना १०.७ वर जितका वेळ घेते त्याच्या निम्मा वेळ २१.४ वर घेते, इथवर दुप्पट खरं. रॉम किंवा रॅम गाठायची झाली तर १०.७ वर ३ सायकल लागतात, २१.४ वर ५. वेळेत मांडलं तर ६ च्या जागी ५, म्हणजे वीस टक्के फायदा. स्मृती तीच, ती काय दुप्पट धावणार. जो प्रोग्रॅम ५१२ बाइटांत घट्ट बसतो त्याला पूर्ण लाभ, जो सारखा बाहेर जातो त्याला नाममात्र. आणि डूमसारखा खेळ टेक्स्चर (भिंतींवर चिकटवायची चित्रं) आणायला रॉमकडे आणि चित्र ठेवायला रॅमकडे सतत जाणारच.

मेसेनमध्ये पाहायचं असेल तर ३०३९ या हेक्स पत्त्यावर लिहिताना थांबेल असा ब्रेकपॉइंट लावायचा. तिथे १ गेला की २१.४. शेजारचं ३०३ए रजिस्टर चित्राची उंची, रंगांची खोली आणि बसचा ताबा ठरवतं. त्यातल्या दोन बिटांनी रॉम आणि रॅम सुपर एफएक्सच्या हवाली होतात. रॉम त्याच्या ताब्यात असेपर्यंत मुख्य प्रोसेसरला कार्ट्रिजमधून सूचना वाचता येत नाहीत, त्याला आपल्या १२८ किलोबाइट रॅममध्ये उतरवून ठेवलेल्या कोडवर चालावं लागतं. त्या काळात इंटरप्ट (चालू काम थांबवणारा इशारा) आला तर वेक्टरही, म्हणजे तेव्हा कुठे उडी मारायची ते पत्तेही, खरे नसतात : व्हीब्लँकचा (पडदा रंगून झाल्याचा) ०१०८ कडे जातो, आयआरक्यू हा दुसरा इशारा ०१०सी कडे. स्वतः काही लिहून पाहणाऱ्याने या दोन पत्त्यांवर उडी ठेवायची विसरली तर पहिल्याच फ्रेमला प्रोग्रॅम कोलमडतो.

१७ ऑगस्ट : उभ्या रेघा

प्रकल्पातला सगळ्यात कामाचा दिवस.

डूम भिंती उभ्या रेघांनी काढतो, एक स्तंभ वरून खाली, मग पुढचा. पीसीवर ते सरळ आहे. सुपर निन्टेन्डोचं चित्र मात्र ८ × ८ च्या टाइलांत आणि बिटप्लेनमध्ये असतं : एका पिक्सेलचे आठ बिट आठ वेगवेगळ्या बाइटांत विखुरलेले. सुपर एफएक्सची प्लॉट ही पिक्सेल रंगवायची सूचना हे विखुरणं स्वतः करते. तिच्याकडे एका टाइलच्या एका ओळीचे, म्हणजे आडव्या ८ पिक्सेलांचे, तात्पुरते कप्पे आहेत. आठही भरले की आठ बाइट थेट लिहायचे. अर्धवट भरलेले असताना दुसऱ्या ओळीत गेलात तर आधीचे आठ बाइट वाचायचे, त्यात नवे बिट मिसळायचे, मग लिहायचे.

२५६ रंगांसाठी खर्च :

पूर्ण ओळ : ८ × ५ = ४० सायकल, आठ पिक्सेलांना.
अर्धवट ओळ : ८ × (५ + ५) = ८० सायकल, त्यात पिक्सेल एक असो वा सात.

उभी रेघ म्हणजे दर पिक्सेलला ओळ बदलणार, दर पिक्सेलला ८०. हिशेबासाठी २१६ × १४४ ची खिडकी धरली आणि ती पूर्ण भिंतींनी भरली, तर ३१,१०४ × ८० = २४,८८,३२० सायकल, म्हणजे सुमारे ११६ मिलिसेकंद. नुसतं वाचणं-लिहिणं एवढं. भिंत कुठली, टेक्स्चर कुठलं, राक्षस कुठे, हे अजून यायचंच आहे. सेकंदाला नऊ फ्रेमसुद्धा होत नाहीत.

आता दोन पिक्सेल एकसारखे करा. स्तंभ १०८ उरतात. एका ओळीत दोन पिक्सेल टाकले तरी मिसळण्याचा खर्च तोच ८०, म्हणून एकूण निम्मा : १२,४४,१६० सायकल, ५८ मिलिसेकंद. आडव्या जाड पिक्सेलांचं उत्तर हे. पीसीवरच्या डूममध्येही कमी तपशिलाची सोय हीच होती : दोन-दोन पिक्सेल जाड स्तंभ, हळू मशिनींसाठी. तिथे पर्याय होता, इथे दुसरा रस्ताच नाही.

हेच चित्र आडवं काढता आलं असतं तर ३,८८८ ओळी × ४० = १,५५,५२० सायकल, जेमतेम ७ मिलिसेकंद. स्टार फॉक्सचे सपाट रंगाचे बहुभुज या चिपला का मानवतात ते इथे कळतं. चिप आडवं लिहिण्यासाठी घडवलेली, आणि डूम उभा. जमीन-छत एकरंगी असण्याचं कारणही हा प्लॉटचा खर्चच असावा.

१८ ऑगस्ट : कालच्या निष्कर्षाला दुरुस्ती

जमीन-छत एकरंगी आहेत त्याचं कारणही प्लॉटच असावं असं काल मांडलं होतं. ते बरोबर नाही. जमीन आडव्या पट्ट्यांनी काढतात, म्हणजे स्वस्त बाजूने. टेक्स्चर असलं-नसलं तरी ओळ लिहिण्याचा खर्च तोच ४०.

फरक पिक्सेल आणण्यात आहे. एकरंगी पट्टीला रंग एकदाच ठरवायचा. टेक्स्चरला दर पिक्सेलमागे दोन निर्देशांक पुढे सरकवायचे, त्यांचा पत्ता जुळवायचा, रॉममधून बाइट मागवायचा. पत्ता जुळवायला चिपमध्ये मर्ज नावाची खास सूचना आहे. ती धरूनही फेरीला १० सायकलच्या आत बसवणं कठीण. खिडकीचा अर्धा भाग जमीन-छत धरला तर १५,५५२ × १० = आणखी ७ मिलिसेकंद. शिवाय प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला अंतराचा भागाकार, आणि भागाकाराची सूचना या चिपमध्ये नाही, कोष्टकातून काढावा लागतो. पायऱ्या, खांब, खिडक्यांनी पट्ट्या तुटल्या की टोकांना पुन्हा अर्धवट ओळी आल्याच.

त्यावर जागेचा प्रश्न. जमिनीचं एक चित्र ६४ × ६४, म्हणजे ४,०९६ बाइट. पन्नास घेतली तर २,०४,८०० बाइट, रॉमचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्या जागेत लेव्हल बसवाव्यात की फरशा? इथे लेव्हलना झुकतं माप दिलं आणि ते योग्यच झालं. जॅग्वार या दुसऱ्या कन्सोलवरची आवृत्ती जमिनीला टेक्स्चर देते, पण तिथल्या लेव्हल सोप्या केलेल्या आहेत, सायबरडीमन आणि स्पायडर मास्टरमाइंड गायब आहेत, आणि खेळताना संगीत नाही. सुपर निन्टेन्डोवर लेव्हलचा आराखडा पीसीच्या जवळचा, दोन्ही बडे राक्षस हजर.

२३ ऑगस्ट : काळी चौकट

सुपर एफएक्सने चित्र कार्ट्रिजच्या रॅममध्ये काढलं. ते कन्सोलच्या व्हिडिओ रॅममध्ये न्यायचं काम डीएमएचं, म्हणजे माहिती थेट हलवणाऱ्या यंत्रणेचं, आणि पडदा रंगत असताना तिथे लिहिता येत नाही.

एनटीएससीत (अमेरिकी-जपानी टीव्ही पद्धतीत) पडद्याच्या एका फेरीला २६२ ओळी. एका ओळीत १,३६४ मास्टर सायकल, रॅम ताजी ठेवण्यासाठी ४० जातात, बाइटमागे ८ लागतात : ओळीला १६५ बाइट. नेहमीच्या २२४ ओळींच्या पडद्यात मोकळ्या साधारण ३७, म्हणजे ६,१०० बाइट. आपली खिडकी ३१,१०४ बाइटची. पाच फेऱ्यांत मावत नाही, सहावी लागते. पडद्याच्या सेकंदाला ६० फेऱ्या, म्हणजे १० फ्रेम, चिप कितीही वेगवान असली तरी.

उपाय : वरच्या-खालच्या ओळी जबरदस्तीने काळ्या ठेवायच्या. खिडकी १४४ आणि खालची पट्टी ३२ धरली तर रंगीत ओळी १७६, मोकळ्या ८६, म्हणजे १४,२०० बाइट. तीन फेऱ्यांत काम, कमाल २० फ्रेम. चौकट दिसते कुरूप, पण वेगमर्यादा दुप्पट करते. मेसेनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २१०० आणि ४२०बी या पत्त्यांवरचे लेखन चालू करून ठेवले की पडदा कुठल्या ओळीला बंद होतो आणि डीएमए कुठे धावतो ते ठिपक्यांनी दिसतं.

आणखी एक छुपा खर्च : डीएमए चालू असताना कार्ट्रिजची रॅम सुपर एफएक्सकडून काढून घ्यावी लागते. ३१,१०४ × ८ म्हणजे प्रत्येक चित्रामागे ११.६ मिलिसेकंद तो रॅमविना.

पालमध्ये ३१२ ओळी आहेत. याच खिडकीला १३६ मोकळ्या ओळी मिळतात, दोन फेऱ्यांत चित्र जातं. एरवी पाल म्हणजे हळू असं गणित, इथे डीएमएपुरतं उलटं. मात्र चिप तेवढ्या वेळात चित्र तयार करू शकत नाही, त्यामुळे हा लाभ कागदावरच.

३० ऑगस्ट : फ्रेम मोजायची पद्धत

इम्युलेटरमधून तोट्याविना ६० फ्रेमचं चित्रीकरण, मग एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅमच्या एमपीडेसिमेट फिल्टरने सारख्या फ्रेम गाळायच्या. उरलेल्या ÷ सेकंद. दोन सापळे : खालच्या पट्टीतला चेहरा डोळे हलवतो आणि बंदूक झुलते, दोन्हींमुळे खोट्या "नव्या" फ्रेम मोजल्या जातात. म्हणून खिडकीचा फक्त वरचा निम्मा भाग कापून घ्यायचा. आणि चालत राहायचं. उभं राहिलात तर सगळ्याच फ्रेम सारख्या, आकडा शून्याकडे.

पहिल्या लेव्हलमध्ये तीन जागा पुरतात : सुरुवातीचं दालन, हिरव्या द्रवावरची नागमोडी वाट, आणि कुठल्याही भिंतीला नाक लावून. आकडा १० च्या आसपास घुटमळतो, राक्षस जमले की खाली. सरासरीपेक्षा सलग दोन नव्या चित्रांतलं अंतर जास्त बोलकं : ते पाचवरून अचानक नऊवर जातं, तेव्हा हाताला झटका जाणवतो.

६ सप्टेंबर : वेग वाढवून

बीएसएनईएसमध्ये सुपर एफएक्सचा क्लॉक टक्क्यांत वाढवता येतो. २०० वर फरक लगेच जाणवतो. ४०० वर त्याच प्रमाणात पुढची उडी येत नाही. २३ ऑगस्टचा हिशेब हेच सांगतो : चिप मोकळी झाली की डीएमएची रांग आडवी येते.

इम्युलेटरच्या आकड्यावरून खऱ्या चिपचा अंदाज बांधू नये. इथे क्लॉकबरोबर स्मृतीचा वेगही वाढतो. खऱ्या कार्ट्रिजमध्ये क्लॉक कन्सोलकडून पिन १ वरून येतो. ती तोडून वेगळा ऑसिलेटर जोडला तर चिप धावेल, पण रॉम आणि रॅम त्याच ५ सायकलींत, आता आणखी तोकड्या वेळात, उत्तर देऊ शकतील का हा प्रश्न. नाही दिलं तर आधी टेक्स्चरमध्ये भलते ठिपके, मग खेळ गोठतो. तीस वर्षांची कार्ट्रिज यासाठी कापू नये.

१३ सप्टेंबर : खेळताना लक्षात ठेवायचं

सेव्ह नाही, पासवर्ड नाही. एक एपिसोड एका बैठकीत. अमेरिकी आवृत्तीत सोप्या दोन पातळ्यांवर पहिलाच एपिसोड उघडतो, दुसऱ्यासाठी मधली पातळी लागते, तिसऱ्यासाठी त्याहून अवघड. जपानी आवृत्तीत ही अट काढली आहे, त्यामुळे सगळ्या लेव्हल पाहायच्या असतील तर ती बरी. एल आणि आर बटणांनी बाजूला सरकता येतं, पण सरकत असतानाच वळता येत नाही, त्यामुळे शत्रूभोवती गोल फिरत मारणं जमत नाही. त्याऐवजी दाराच्या चौकटीआडून एक पाऊल बाहेर, गोळी, परत आत. बंदुकीचे छर्रे पसरत नसल्याने शॉटगन लांबूनही चालते, तिचा पुरेपूर वापर करावा.

२० सप्टेंबर : मूळ कोड

हे इंजिन रँडी लिंडन यांचं, स्कल्प्चर्ड सॉफ्टवेअरसाठी. पीसीच्या कोडवरून उतरवलेलं नाही, स्वतंत्र लिहिलेलं. कोड त्यांनी जुलै २०२० मध्ये जीपीएल ३ परवान्याखाली खुला केला. सोबतच्या माहितीतली हत्यारं वाचण्यासारखी : असेंबलर, लिंकर, डीबगर सगळं स्वतःचं, अमिगा संगणकावर चालणारं. सुपर एफएक्सचा विकास संच हाती नव्हता, म्हणून स्टार फॉक्सची कार्ट्रिज फेरफार करून वापरली, आणि कन्सोलला जोडलेले दोन बदललेले कंट्रोलर अमिगाच्या पॅरलल पोर्टला जोडून त्यातून माहिती ये-जा केली. जुगाड म्हणावं तर हे.

वाचायला घेणाऱ्याने मुख्य प्रोसेसरचा आणि सुपर एफएक्सचा कोड आधी वेगळा करावा. दोन्हींच्या सूचना दिसायला वेगळ्या, पण चल (व्हेरिएबल) तेच, आणि कुठल्या क्षणी रॅम कुणाकडे आहे हे लक्षात न ठेवता वाचलं तर काही उमगत नाही.

२७ सप्टेंबर : नवी कार्ट्रिज

ऑगस्ट २०२४ मध्ये लिंडन यांच्याच हातची सुधारित आवृत्ती जाहीर झाली. कार्ट्रिजमध्ये आरपी२३५० हा आजचा मायक्रोकंट्रोलर, नाव "सुपर एफएक्स ३". चारही एपिसोड, लेव्हलचे कोड, सरकता-सरकता वळणं, कंट्रोलरला कंप. १२, १६ आणि १७ ऑगस्टच्या नोंदींतले रॉम, चिप आणि उभ्या रेघांचे हिशेब तिथे गळून पडतात. २३ ऑगस्टचा राहतो : व्हिडिओ रॅम कन्सोलमध्येच आहे आणि ओळीला १६५ बाइटच जातात. ती कार्ट्रिज हाती आली की पहिली चाचणी काळ्या ओळी मोजण्याची, २१०० वरचं लेखन लॉजिक अॅनलायझरने पकडून.